शाळेला जागा कोणी दिली?

आपल्या संस्थेच्या वार्षिक स्मरणिकेत प्रतिवर्षी कुळांचा, कुलदैवतांचा आणि समाजातील थोर पुरुषांचा इतिहास छापून येतो, व तो यथायोग्यच आहे. यंदा संपादक मंडळाने आम्हांस लेख मागितला तेव्हा मात्र आमच्या मनात वर्गाच्या खोलीचा इतिहास घोळत होता. त्यास कारणही तसेच घडले. आपल्या तालुक्याच्या माध्यमिक शाळेत मुले वाढली आहेत आणि खोल्या अपुऱ्या पडल्या आहेत. शाळेच्या कुंपणास लागून आपल्या संस्थेचा जो भूखंड आहे, तो वर्गखोल्यांसाठी द्यावा, की पूर्वी ठरल्याप्रमाणे त्यावर मंगल कार्यालय उभारावे, हा विषय येत्या सर्वसाधारण सभेपुढे यावयाचा आहे. आम्ही केवळ जुनी मॅट्रिक झालेले एक निवृत्त शिक्षक आहोत. तथापि ज्याने पस्तीस वर्षे फळ्यापुढे काढली, त्यास या विषयावर चार शब्द बोलण्याचा अधिकार असावा, असे आम्हांस वाटते.

महाराष्ट्रातील खाजगी माध्यमिक शाळांचा इतिहास पाहू लागले, म्हणजे एक गोष्ट प्रथम ध्यानात येते. शाळा आधी निघाली आणि इमारत मागाहून आली. विष्णुशास्त्री चिपळूणकर, बाळ गंगाधर टिळक आणि माधवराव नामजोशी यांनी जानेवारी १८८० मध्ये पुण्यास न्यू इंग्लिश स्कूल काढले, ते बुधवार पेठेतील मोरोबादादांच्या वाड्यात. पुढे गोपाळ गणेश आगरकर आणि वामन शिवराम आपटे त्यांना येऊन मिळाले. मुले वाढू लागली, तसे शाळेस जागेसाठी एका वाड्यातून दुसऱ्या वाड्यात जावे लागले. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, आणि २ जानेवारी १८८५ रोजी तिचे फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले, तेही शनिवार पेठेतील गद्रे वाड्यात. खुद्द नाना फडणविसांचा वाडाही पुढे याच शाळेच्या कामी आला. ज्या दिवाणखान्यांत एके काळी राज्याचे हिशेब झाले, तेथे मुले त्रैराशिक सोडवू लागली.

वाचकांनी असे वाड्यातले वर्ग डोळ्यांपुढे आणावेत. वाडा राहण्यासाठी बांधलेला असे, शिकविण्यासाठी नव्हे. मध्ये चौक, भोवती ओसऱ्या आणि मधोमध येणारे लाकडी खांब. खांबाआड बसलेल्या मुलास फळा दिसत नाही, आणि आतल्या खोलीत दुपारीही पुरेसा उजेड येत नाही. एका ओसरीवर इतिहास चालू असता दुसऱ्या ओसरीवरील कवितेचा घोष कानी येतो. असे असूनही त्या शाळा नावारूपास आल्या, याचे श्रेय गुरुजनांचे आहे. परंतु वाडे मोकळे करून देणाऱ्यांचा त्यात काहीच वाटा नव्हता, असे कोण म्हणेल?

मुलींच्या शिक्षणाचाही इतिहास असाच आहे. १८८४ साली न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर, वामनराव मोडक आदी मंडळींनी पुण्यात मुलींचे हायस्कूल काढले. ते पुढे ज्या जागेवर स्थिरावले, तेथे पूर्वी पेशव्यांच्या घोड्यांची पागा होती. म्हणून आजही लोक त्या शाळेस हुजूरपागा असेच म्हणतात. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचा अनाथ बालिकाश्रम १९०० साली, प्लेगाच्या दिवसांत, शहराबाहेर हिंगण्यास गेला, तेव्हा त्यास जमीन मिळाली ती रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांच्या दातृत्वाने. आणि तेथील पहिली वास्तू म्हणजे एक साधी झोपडी. महर्षी दिवसा फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवीत आणि चिखलवाट तुडवीत पायी हिंगण्यास जात. आज तेथे केवढा मोठा शिक्षणसंसार उभा आहे! त्याचा पाया त्या झोपडीत आहे.

आता आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थांनी विशेष लक्ष द्यावे असे एक प्रकरण सांगतो. कोल्हापुरास राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे काढविली, आणि त्यांना जागा व उत्पन्न दिले. खेड्यातील मुलास शहरात पाय टेकावयास जागा नसेल, तर हायस्कूलचा दरवाजा त्यास उघडा असून नसल्यासारखाच, हे महाराजांनी ओळखले होते. ज्या समाजांत तोवर कोणी हायस्कूलची पायरी चढले नव्हते, त्यांची मुले या वसतिगृहांमुळे शिकली. ज्ञातीच्या संघटनेचे हे पुण्यकार्य आम्ही कधीही विसरणार नाही.

परंतु याच इतिहासाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९०८ साली कोल्हापुरास अस्पृश्य मानलेल्या विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. त्याच्या समारंभास एक तरुण विद्यार्थी गेला, आणि परत आल्यावर स्नान करण्यास त्याने साफ नकार दिला. त्यापायी त्याला आपल्याच समाजाचे वसतिगृह सोडावे लागले. तो विद्यार्थी म्हणजे भाऊराव पाटील. पुढे त्यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह सुरू केले, आणि तेथे सर्व जातींची मुले एका पंक्तीस बसविली. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्या वसतिगृहास शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. १९४० साली साताऱ्यास महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले. कमवा व शिका हे कर्मवीरांचे तत्त्व होते. विद्यार्थ्याने शेतात व बांधकामावर राबावे आणि शिकावे, अशी त्यांची शिस्त. वटवृक्ष हे त्या संस्थेचे बोधचिन्ह आहे. त्याखाली कोण बसतो, हे वटवृक्ष विचारीत नाही. ज्ञातीने दिलेली खोली केव्हा तोकडी पडते आणि केव्हा विस्तारते, हे या एकाच चरित्रातून शिकण्याजोगे आहे.

स्वराज्यानंतर मुलांचा ओघ वाढला. १९५९ साली कमी उत्पन्नाच्या पालकांच्या मुलांना फीमाफीची सवलत सुरू झाली, १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले, आणि गावोगाव हायस्कुले निघाली. गोदामे, देवळांचे सभामंडप, चावड्या, जे मिळेल तेथे वर्ग भरू लागले. पुढे अभ्यासक्रमाचा आराखडा बदलला. मार्च १९७५ मध्ये नव्या दहावीची पहिली आणि जुन्या अकरावीची शेवटची परीक्षा एकाच वेळी झाली. आम्ही त्या शेवटच्या अकरावीत होतो. दोन वर्षांची मुले एकदम पुढच्या दारावर उभी राहिली! अकरावी-बारावीचे वर्ग अनेक हायस्कुलांना जोडण्यात आले, आणि ज्या इमारती आठवी ते अकरावीस जेमतेम पुरत होत्या, त्यांत आणखी वर्ग कोठे बसवावे, हा पेच मुख्याध्यापकांपुढे पडला.

जागा अपुरी पडली, म्हणजे शाळा प्रथम दोन पाळ्या करते. हा उपाय बिनखर्ची दिसतो. त्याची किंमत दुसरेच कोणी तरी देते. येथे आम्हांस घरातील एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. आम्ही ज्या शाळेत शिकलो, ती आमच्या गावापासून दीड कोसावर होती. आमची धाकटी बहीण आठवीत गेली, आणि आम्ही दोघे बरोबर जात-येत असू. गणितात ती आमच्याहून हुशार होती. त्याच वर्षी, दिवाळीच्या सुट्टीनंतर, शाळेने दोन पाळ्या केल्या. वरचे वर्ग सकाळी आणि खालचे दुपारी. दुपारची शाळा सुटेपर्यंत हिवाळ्यात दिवस कलत असे, आणि ओढ्याची वाट निर्मनुष्य होई. आठवडाभर विचार करून वडिलांनी तिचे नाव काढले. त्यात वडिलांचा दोष नाही, आणि मुख्याध्यापकांचाही नाही. त्यांच्याजवळ खोलीच नव्हती. दोष असेल तर थोडासा आमचा आहे. सकाळची शाळा सुटल्यावर दुपारभर तेथेच अभ्यास करीत थांबून तिला संध्याकाळी सोबत घेऊन येणे आम्हांस अशक्य नव्हते. पण भूक लागते, घरी जावेसे वाटते, म्हणून आम्ही ते बोललो नाही. पुढे आम्ही शिक्षक झालो, आणि ती भाचरांच्या वह्या तपासून देत राहिली. तिने या गोष्टीचा कधी उच्चार केला नाही. म्हणूनच आम्हांस ती विसरता येत नाही.

असो. पुढे नोकरीत असताना जागा वाढविण्याचे बहुतेक सर्व प्रकार आम्ही पाहिले. व्हरांडा भिंतींनी बंद करून त्याचा वर्ग केला, तर एक खोली वाढते. पण मागील खोलीचा उजेड व वारा जातो. मोठ्या वर्गात लाकडी पडदा घालून दोन वर्ग केले, तर दोन्हीकडील शिक्षक एकमेकांस ऐकू येतात. पत्र्याची शेड लवकर उभी राहते. परंतु चैत्र-वैशाखात ती भट्टीसारखी तापते, आणि आषाढात सरी कोसळू लागल्या, म्हणजे शिक्षकाने हाताची घडी घालून उभे राहावे, एवढेच त्याच्या हाती उरते. प्रयोगशाळा वा ग्रंथालय मोडून वर्ग करणे, हा तर घरातील धान्याची कणगी मोडून चूल पेटविण्याचा प्रकार होय. खोली बांधावयाचीच, तर पुढील मजल्याचा भार पेलेल असा पाया आधी घालावा. उजव्या हाताने लिहिणाऱ्याच्या वहीवर हाताची सावली पडू नये, म्हणून उजेड मुलांच्या डाव्या बाजूने यावा, हा जुन्या शिक्षकांचा नियम आजही खरा आहे. मुलींचे स्वच्छतागृह आणि पिण्याचे पाणी हे खोलीबरोबरच आले पाहिजे, मागाहून नव्हे.

शासन काही करीत नाही, असे आमचे म्हणणे नाही. २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यात पहिली ते आठवीसाठी शिक्षकागणिक किमान एक वर्गखोली असावी, आणि सहावी ते आठवीस ३५ मुलांमागे एक शिक्षक असावा, असे मान ठरविले आहे. नववी-दहावी त्या कायद्याच्या कक्षेबाहेर राहिली. तथापि माध्यमिक शाळांसाठी २००९ साली केंद्राने निराळे अभियान काढले, आणि २०१८ साली ते समग्र शिक्षा योजनेत विलीन झाले. परंतु खाजगी अनुदानित शाळेत शिक्षकांचे वेतन शासनाकडून येत असले, तरी इमारतीचा भार मुख्यतः संस्थेच्याच शिरावर असतो, आणि संस्था म्हणजे अखेर गावच होय.

आता आपल्या भूखंडाविषयी. मंगल कार्यालय हवे, हे आम्हांस मान्य आहे. लग्नसराईत भाडे भरताना गरीब बांधवांची जी ओढाताण होते, ती आम्ही पाहिली आहे, आणि कार्यालयाचे उत्पन्न संस्थेस उपयोगी पडेल, हेही खरे. परंतु कार्यालय गावात अन्यत्र उभे राहू शकते. शाळेच्या कुंपणाशी दुसरी जागा नाही. काही बांधवांनी अशी सूचना केली आहे, की जमीन द्यावी, पण खोल्यांत आपल्या समाजाच्या मुलांस अग्रहक्क असावा. त्यांस आमची नम्र विनंती आहे, की ही अट घालू नये. ओढ्यावरून एकटी येणारी मुलगी कोणत्या ज्ञातीची, हे त्या अंधारास कळत नाही. संस्थेचे नाव भिंतीवर अवश्य असावे, दारावर नसावे.

हे कार्य विधियुक्त झाले पाहिजे. आपली संस्था सार्वजनिक न्यास आहे. १९५० च्या कायद्यानुसार न्यासाची स्थावर मिळकत विकावयाची, देणगी द्यावयाची, वा अशी जागा तीन वर्षांहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यावयाची, तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. तेव्हा सभेत टाळ्या वाजवून काम संपणार नाही. रीतसर ठराव करावा, अर्ज करावा, आणि जमीन केवळ वर्गखोल्यांसाठीच वापरली जाईल, हे करारात स्पष्ट लिहून घ्यावे. उत्साहात दिलेल्या जमिनींवर पुढे गाळे उभे राहिल्याची उदाहरणे आमच्या पाहण्यात आहेत.

सभेच्या दिवशी आम्ही हजर राहूच, आणि हात वर करू. आमच्या भगिनीसही बरोबर आणण्याचा विचार आहे. ती संस्थेची सभासद आहे, तिलाही मत आहे. ते तिने कोणत्या बाजूस द्यावे, हे मात्र आम्ही तिला सांगणार नाही. तिच्या वतीने गप्प राहण्याची चूक एकदा आमच्या हातून झाली आहे, तिच्या वतीने बोलण्याची चूक आता करावयाची नाही.