हिरडीखालचे दोन मिलिमीटर

सांगलीहून मिरजेला जाताना वानलेसवाडी लागते. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत हॉस्पिटल सुरू केलं, त्यांच्याच नावाची ही वाडी. आज तिथं भारती विद्यापीठाचं डेंटल कॉलेज आहे. म्हणून आजची गोष्ट दाताची.

समजा, दात हिरडीपाशीच तुटला. मूळ घट्ट आहे, पण कॅपला धरायला वर काही उरलेलंच नाही. मग काढायचाच का? प्रत्येक वेळी नाही. डेंटिस्ट हिरडी मागे सरकवून लपलेला दात उघडा करतात. याला म्हणतात क्राउन लेंग्थनिंग. दात वाढत नाही, फक्त जास्त दिसतो.

हिरडी कापणं तसं जुनंच. सुश्रुतसंहितेत शेवटच्या दाढेजवळ वाढणाऱ्या मांसाला 'अधिमांस' म्हटलंय. उपाय काय, तर ते कापा आणि वेखंड, पाठा, यवक्षार वगैरेंचं चूर्ण मधातून लावा.

पण कॅपसाठी नुसतं मांस कापून बऱ्याचदा भागत नाही. हिरडी पुन्हा वर चढते. का?

१९६१ मध्ये गार्जुलो, वेंट्झ आणि ऑर्बन यांनी मृत व्यक्तींच्या जबड्यांतले २८७ दात तपासले. हाडाच्या वर हिरडी दाताला जिथं चिकटते, ती पट्टी त्यांनी मोजली. सरासरी भरली २.०४ मिलिमीटर. शरीर ही जागा सोडत नाही! कॅपची कड त्यात घुसली की हिरडी सुजते, रक्त येतं, कधी हाडही झिजतं. म्हणून अनेकदा हिरडीसोबत थोडं हाडही घासावं लागतं, म्हणजे ती पट्टी खाली सरकते.

या पट्टीला पुढे 'बायोलॉजिक विड्थ' नाव पडलं. २०१७ च्या जागतिक परिषदेत ते बदलून 'सुप्राक्रेस्टल टिश्यू अटॅचमेंट' केलं. नाव बदललं, हिशेब तोच.

आता खरी मेख. २.०४ ही सरासरी आहे, तुमचा आकडा वेगळा असू शकतो. आणि घासलेलं हाड परत येत नाही. मूळ आखूड असेल तर दात वाचवता वाचवता त्याचाच आधार जायचा. शेजारच्या दाताचं हाडही थोडं कमी होऊ शकतं.

तेव्हा खुर्चीत बसल्यावर लाजू नका, सरळ विचारा: "डॉक्टर, फक्त हिरडी कापणार की हाडही? नंतर मुळाला आधार किती उरेल?"

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर ब्रश करा, दोन्ही वेळा!