गिरकी, युग्मनृत्यातील

गिरकी, युग्मनृत्यातील : दोन व्यक्तींनी परस्परांना धरून एका सामाईक अक्षाभोवती फिरण्याची नृत्यक्रिया. कथ्थकमधील चक्कर ही एकट्या नर्तकाच्या तोलाची कसोटी असते. युग्मनृत्यात तोल दोघांत वाटलेला असतो आणि एकाचा ढळला, की दुसऱ्याचाही ढळतो. महाराष्ट्र व गोवे या प्रदेशांत या क्रियेचे सर्वपरिचित रूप म्हणजे फुगडी, तर पाश्चात्त्य बॉलरूम नृत्यातील तिचे प्रमुख रूप म्हणजे वॉल्ट्झमधील उजवी व डावी गिरकी. दोहोंचा उगम स्वतंत्र आहे. तथापि कोणी कोणाला धरून फिरावे, हा प्रश्न दोन्हीकडे होताच. समाजांनी त्याची उत्तरे मात्र निरनिराळी दिली.

फुगडी प्रामुख्याने मुली व स्त्रिया नागपंचमी, मंगळागौर, गौरी-गणपती अशा प्रसंगी खेळतात. दोघी समोरासमोर उभ्या राहून, चवडे जुळवून, हातांची अढी घालून एकमेकींचे हात घट्ट धरतात व अंग मागे झोकून चवड्यांवर वेगाने फिरू लागतात. एकहाती फुगडी, दंडफुगडी, बसफुगडी असे तिचे अनेक प्रकार आहेत. फिरताना अंग बाहेर फेकले जाऊ पाहते व त्याला आवर घालतो तो जोडीदारणीच्या हाताचा ओढा. म्हणून दोघींपैकी जी अधिक भारी असेल तिला कमी झुकावे लागते. ही गोष्ट कोणी समजावून सांगत नाही. थोरली मुलगी धाकटीला घेऊन प्रथम सावकाश फिरते, धाकटी भीतीने अंग चोरते, त्यामुळे फुगडी अडखळते, आणि केव्हातरी ती मागे झुकण्याचे धाडस करते. त्या क्षणी ती फुगडी शिकलेली असते. एकनाथांची भारुडे व तुकारामांची गाथा यांत फुगडीचे रूपक आलेले आहे आणि पंढरीच्या वाटेवर वारकरी पुरुषही फुगडी घालतात. स्त्री-पुरुषांच्या मिश्र जोडीची फुगडी मात्र रूढ नाही. सासुरवाशिणीला श्रावणात मोकळेपणाने नाचण्याची जी मुभा होती, ती या मर्यादेच्या आतच होती, किंबहुना या मर्यादेमुळेच होती.

यूरोपात हीच मर्यादा ओलांडली गेली. वॉल्ट्झ हे नाव ‘फिरणे’, ‘लोळणे’ अशा अर्थाच्या ‘वाल्झेन’ या जर्मन क्रियापदावरून आले. दक्षिण जर्मनी व ऑस्ट्रिया येथील ग्रामीण लोकांच्या लेंडलर व तत्सम गिरकीप्रधान नृत्यांतून ते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात विकसित झाले. तोवर दरबारी नृत्यांत, उदा., मिन्युएटमध्ये, जोडीदार हाताच्या अंतरावर राहत व केवळ बोटे धरीत. वॉल्ट्झमध्ये पुरुषाचा हात स्त्रीच्या पाठीवर गेला आणि गिरकीच्या वेगामुळे तो तेथे ठेवणे भागच पडले. गटेच्या १७७४ साली प्रसिद्ध झालेल्या वेर्टर या कादंबरीचा नायक लोटेबरोबर वॉल्ट्झ नाचल्यानंतर मनाशी ठरवितो, की आपण जिच्यावर प्रेम करू त्या मुलीला दुसऱ्या कोणाबरोबर असे नाचू देणार नाही. व्हिएन्नात झ्पेर्ल (१८०७) व अपोलो (१८०८) यांसारखी सार्वजनिक नृत्यगृहे निघाली आणि व्हिएन्ना काँग्रेसच्या काळात (१८१४-१५) यूरोपातील मुत्सद्द्यांनीही हे नृत्य आपलेसे केले. इंग्लंडमध्ये विरोध अधिक तीव्र होता. बायरनने १८१३ मध्ये टोपणनावाने त्यावर उपहासकाव्य प्रसिद्ध केले. जुलै १८१६ मध्ये राजप्रतिनिधीच्या मेजवानीत वॉल्ट्झ झाला, तेव्हा द टाइम्स या वृत्तपत्राने त्याचा निषेध केला. याच वर्षी टॉमस विल्सन या लंडनच्या नृत्यशिक्षकाने वॉल्ट्झची शुद्ध पद्धती सांगणारे पुस्तक प्रसिद्ध केले. टीका आणि क्रमिक पुस्तक एकाच वर्षी यावे, हा योगायोग बोलका आहे : ज्याचा निषेध करायचा ते लोक शिकू लागले होते.

एकोणिसाव्या शतकातील वॉल्ट्झमध्ये जोडपे जवळजवळ सतत गरगरत असे. लानर (१८०१–४३), थोरला श्ट्राउस (१८०४–४९) व धाकटा श्ट्राउस (१८२५–९९) यांच्या रचनांनी त्याला वेग दिला. पहिल्या महायुद्धानंतर जॅझ संगीताच्या प्रभावाखाली नृत्यगृहांत सावळागोंधळ माजला, तेव्हा लंडनच्या डान्सिंग टाइम्स या मासिकाचे संपादक फिलिप रिचर्डसन यांनी १९२० पासून नृत्यशिक्षकांच्या परिषदा भरविल्या. या मंथनातून ‘पाऊल, पाऊल, पाय जुळवणे’ हा वॉल्ट्झचा पाया निश्चित झाला. १९०४ मध्ये स्थापन झालेल्या इंपीरियल सोसायटी या शिक्षकसंस्थेने १९२४ मध्ये बॉलरूम शाखा काढली. १९२२ चा जागतिक विजेता व्हिक्टर सिल्व्हेस्टर याचे १९२७ चे आणि अ‍ॅलेक्स मूर याचे १९३६ चे पुस्तक यांमुळे गिरकी अंशांत मोजली जाऊ लागली. अमेरिकेत आर्थर मरी याने पावलांच्या ठशांच्या आकृत्या टपालाने विकण्याचा धंदा केला.

‘नॅचरल टर्न’ या नावाने ओळखली जाणारी उजवी गिरकी नवशिक्यास बहुधा प्रथम शिकवितात. वॉल्ट्झ तीन मात्रांचा असल्याने दोन आवर्तनांत सहा पावले पडतात. दादरा तालाचे एक आवर्तन डोळ्यांपुढे आणल्यास मराठी वाचकास तिचा आराखडा सहज कळेल. सर्व जोडपी दालनात डावीकडे वळत, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने पुढे सरकतात, तर जोडपे स्वतः काट्यांच्या दिशेने फिरते. पुरुष तिरका भिंतीकडे तोंड करून उजवे पाऊल पुढे टाकतो, डावे बाजूला नेतो, उजवे त्यास जुळवितो. एवढ्यात तो वर्तुळाच्या तीन अष्टमांश वळतो व त्याची पाठ पुढील वाटेकडे होते. नंतर तो डावे पाऊल मागे, उजवे बाजूला टाकतो व डावे जुळवितो आणि पुन्हा तेवढाच वळतो. अशा रीतीने सहा पावलांत पाऊण गिरकी होते. मंद वॉल्ट्झमध्ये मिनिटाला सु. ३० आवर्तने असल्याने याला चार सेकंद लागतात. व्हिएन्नाच्या शीघ्र वॉल्ट्झमध्ये लय दुप्पट असते व सहा पावलांत पूर्ण फेरा घ्यावा लागतो.

कागदावर सोपी असणारी ही गिरकी शिकताना दोन ठिकाणी हटकून बिघडते. तिसऱ्या मात्रेला पाय केवळ टेकवून भागत नाही, त्यावर सर्व भार घ्यावा लागतो. तो घेतला नाही, तर चौथ्या मात्रेला भलताच पाय मोकळा राहतो. दुसरी अडचण अधिक मूलगामी आहे. गिरकीत पुढे चालणाऱ्याला बाहेरचा, लांबचा फेरा पडतो आणि मागे जाणाऱ्याला आतला, आखूड. पहिल्या तीन मात्रांत स्त्रीने आखूड पाऊल घेऊन पुरुषाला वाट द्यायची, पुढच्या तीन मात्रांत पुरुषाने स्त्रीला. नवशिका पुरुष पहिला भाग बरा करतो. दुसऱ्यात मात्र तो मागे जातानाही लांब पाऊल टाकतो व खांद्याने जोडीदारणीला ओढून फिरवू पाहतो. फुगडीत ओढ हवीच, कारण तिच्यावरच तोल असतो. वॉल्ट्झमध्ये ओढ लागताच दोघांचाही तोल जातो. भोवळीबाबत मात्र दोन्ही सारखेच : अंतर्कर्णातील अर्धवर्तुळाकृती नलिकांतील द्रव शरीर थांबल्यावरही काही क्षण हलत राहतो आणि भिंती फिरल्याचा भास होतो.

पुस्तकांनी आणखी एक गोष्ट ठरवून टाकली. पुरुषाची पावले व स्त्रीची पावले स्वतंत्र छापली गेली आणि पुरुषाने सूचना द्यायची, स्त्रीने ती ओळखायची, असा नियम झाला. वाट देण्याचे काम दोघे आळीपाळीने करीत असताना पुढाकार एकाकडेच का, याचे उत्तर या नृत्याच्या यंत्रणेत सापडत नाही. ते तत्कालीन शिष्टाचारात सापडते.

भारतात यूरोपीय युग्मनृत्ये प्रामुख्याने पोर्तुगीज व ब्रिटिश अंमलातून आली. गोव्यात ख्रिस्ती जमीनदारांच्या वाड्यांत प्रशस्त नृत्यदालने असत. चांदर येथील ब्रागांझा घराण्याच्या वाड्यातील दालन आजही पाहावयास मिळते. या वातावरणात एकोणिसाव्या शतकात साष्टी भागात मांडो हा कोकणी गीत-नृत्यप्रकार घडला. कुडतरीचे लिगोरियो कॉश्ता व आर्नाल्दो द मेनेझिस, लोटलीचे तोर्क्वातो द फिगेरेदो हे त्याचे नामवंत रचनाकार होत. त्याचे सूर पाश्चात्त्य स्वरमेळाच्या वळणाचे व लय तीनच्या पटीतील आहे, म्हणजे वॉल्ट्झला हवे ते सर्व त्यात आहे. परंतु परस्परांना धरून घेतलेली गिरकी नाही. स्त्रिया व पुरुष समोरासमोर दोन रांगांत उभे राहतात, पुढे येतात, मागे सरतात, बाजू बदलतात. स्त्रीच्या हातातील पंखा उघडतो व मिटतो. मांडोची गीते बहुतांशी प्रेमाची व विरहाची आहेत आणि त्यातील अंतर हेही त्यांच्या आशयाचाच भाग वाटते. वॉल्ट्झ याच समाजात वेगळा नाचला जाई, आणि गोव्यातील ख्रिस्ती विवाहसमारंभांत तो आजही नाचला जातो.

चर्चच्या संगीतशाळांत स्वरलेखन व व्हायोलिन शिकलेले गोमंतकीय वादक मुंबईस आले व तेथील नृत्यदालनांचे वाद्यवृंद मुख्यतः त्यांच्यावर चालले. १९०३ मध्ये सुरू झालेल्या ताजमहाल हॉटेलात मिकी कोरिया यांचा वाद्यवृंद १९३९ पासून सु. दोन दशके वाजत होता. याच वादकांपैकी अनेक जण हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांतही होते, त्यामुळे ज्यांनी नृत्यदालनाचा उंबरठा कधी ओलांडला नाही, अशा मराठी घरांतही वॉल्ट्झची तीन मात्रांची लय रेडिओवरून पोहोचली. लय आली, गिरकी आली नाही. फिरण्यासाठी त्या घरांतील मुलींना फुगडी होतीच.