रीवायरची बावीस वर्षं

१९९८ मध्ये स्टॉकहोमच्या प्रोपेलरहेड कंपनीने हॅम्बुर्गच्या स्टाइनबर्गच्या साथीने रीवायर आणलं, तेव्हा समोरचा प्रश्न अगदी व्यवहारातला होता. प्रोपेलरहेडचं रीबर्थ हे सॉफ्टवेअर रोलंडच्या टीबी-३०३ आणि टीआर-८०८ या यंत्रांचा आवाज संगणकात निर्माण करत होतं. स्टाइनबर्गच्या क्यूबेसमध्ये सगळं गाणं बांधलं जायचं. दोन्ही एकाच संगणकावर असली तरी एकमेकांना परकी होती, कारण साउंड कार्डाचा ताबा बहुधा एका वेळी एकाच प्रोग्रॅमकडे असे. रीवायर म्हणजे संगणकातली अदृश्य केबल, असं त्याचं वर्णन नेहमी केलं जातं. ते मला अपुरं वाटतं. आवाज इकडून तिकडे नेणं हे त्यातलं सोपं काम होतं. वेळेची मालकी कुणाकडे, हे ठरवणं अवघड होतं. आणि रीवायर पुढे बंद पडलं तेही मालकीच्याच प्रश्नामुळे.

यंत्रांना एका लयीत ठेवायचं काम १९८३ पासून मिडी हे वाद्यांना जोडणारं तंत्र करत होतं. मिडीचं घड्याळ दर मात्रेला २४ ठोके पाठवतं. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत दोन ठोक्यांमध्ये सुमारे २१ मिलिसेकंद जातात. सीडीच्या दर्जाच्या आवाजात सेकंदाला ४४,१०० नमुने असतात, म्हणजे तेवढ्या अवकाशात नऊशेहून अधिक नमुने निघून जातात आणि ऐकणाऱ्या यंत्राला मधलं अंतर अंदाजाने कापावं लागतं. वेगवेगळ्या वाद्यांसाठी हे चालून जातं. पण दोन प्रोग्रॅममधून एकच ड्रमचा ठोका काढला आणि त्यात दर वेळी काही नमुन्यांचा फरक पडला, तर दोन लहरी एकमेकींना कमीजास्त खोडतात आणि ठोक्याचा पोतच बदलतो. रीवायरने घड्याळं जुळवण्याचा नाद सोडला. यजमान प्रोग्रॅम आधी उघडायचा. साउंड कार्ड त्याच्याकडेच राहणार. नंतर उघडलेला पाहुणा कार्डाला हातही लावत नाही. यजमान मागेल तेवढ्याच नमुन्यांचा आवाज तो तयार करतो आणि त्याच्या मिक्सरमध्ये सोडतो. ज्याला स्वतःचं घड्याळच उरलेलं नाही, तो मागेपुढे होणार कसा? शिवाय सुरू करण्याचं बटण कुठल्याही प्रोग्रॅममध्ये दाबलं तरी दोन्ही चालू होत. दुसऱ्या आवृत्तीत ध्वनीच्या वाहिन्या २५६ पर्यंत गेल्या आणि मिडीही त्याच वाटेने जाऊ लागलं. २००० साली आलेलं प्रोपेलरहेडचं रीझन आणि पुढच्या वर्षीचं एबलटन लाइव्ह या संगीतरचनेच्या प्रोग्रॅमांची जोडी जमली ती याच सोयीमुळे.

मग २०२० च्या अखेरीस ते बंद का झालं? नेहमीचं उत्तर असं, की प्लगइन, म्हणजे यजमान प्रोग्रॅमच्या आतच चालणारे छोटे प्रोग्रॅम, आले आणि रीवायरची गरज संपली. या उत्तरात तथ्य आहे. रीवायरमध्ये दोन फायली वेगळ्या जपाव्या लागत, उघडण्याचा आणि मिटण्याचा क्रम पाळावा लागे. प्लगइन यजमानाच्या फायलीतच जपला जातो. प्रोपेलरहेडने, म्हणजे २०१९ पासूनच्या रीझन स्टुडिओजने, त्याच वर्षी रीझनचा रॅक, म्हणजे त्यातल्या वाद्यांची मांडणी, प्लगइन म्हणून दिला. पण प्लगइनमध्ये आला तो रॅक. रीझनचा स्वतःचा सीक्वेन्सर, म्हणजे सूर काळावर मांडणारा भाग, बाहेरच राहिला. दोन पूर्ण प्रोग्रॅम, प्रत्येकाची स्वतंत्र मांडणी, तरीही एकच काळ, ही रचना प्लगइनने भरून काढली नाही. गरज संपली होती ती मालकाची.

रीवायरसाठी विकासकांना पैसे मोजावे लागत नसत, पण करार करावा लागे आणि मुक्त स्रोत सॉफ्टवेअरला त्यात जागा नव्हती. त्यामुळे मालकाने हात काढून घेतल्यावर इतरांनी मिळून ते चालवण्याची वाट उरली नाही. कुठल्याही कंपनीने नको असलेली गोष्ट कायम का सांभाळावी, असं कुणी विचारेल. कंपनीला दोष देण्याचं कारण नाही, हे मी मान्य करते. अॅपलनेही २०१३ मध्ये आयफोन-आयपॅडवर दिलेली अशीच जोडणी २०१९ मध्ये मोडीत काढायला घेतली. व्हीएसटी हे प्लगइनचं तंत्रही एकाच कंपनीचं असून टिकलं, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. पण त्याचीही दुसरी आवृत्ती स्टाइनबर्गने २०१८ मध्ये नव्या विकासकांना देणं थांबवलं, आणि ती वापरू पाहणाऱ्या छोट्या निर्मात्यांपुढे तोच पेच आला. याउलट लिनक्सवर पॉल डेव्हिस यांनी सुरू केलेलं जॅक पाहा. ध्वनीची वाट आणि वाजवण्या-थांबवण्याची वेळ दोन्ही तेही वाटून देतं, स्रोत सर्वांना खुला. त्याचे वापरकर्ते रीवायरच्या मानाने थोडे, मांडणी किचकट, हे खरंच आहे. तरीही लिनक्सवर पुढे पाइपवायर ही नवी व्यवस्था आली, तेव्हा तिच्या कर्त्यांनी जॅकची भाषा तिच्यात उतरवून घेतली, आणि जॅकसाठी लिहिलेले जुने प्रोग्रॅम तिच्यावर चालत राहिले.