सरासरी कॉलेजची परीक्षा

अमेरिकेत पदव्युत्तर प्रवेशासाठी लागणारी जीआरई परीक्षा १९३६ साली कार्नेगी फाउंडेशन आणि हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, कोलंबिया या विद्यापीठांनी सुरू केली. तिच्या मुळाशी वर्गातल्या शिकवण्याबद्दलचा अविश्वास होता. त्याआधी, १९२८ ते १९३२ या काळात, याच फाउंडेशनच्या विल्यम लर्नेड यांनी पेनसिल्व्हेनियातल्या कॉलेजांची मोठी पाहणी केली होती. पदवीच्या उंबरठ्यावरचे काही विद्यार्थी शाळेच्या शेवटच्या वर्गातल्या मुलांच्याही मागे असल्याचे तिच्यात दिसले. इतके तास भरले, इतके विषय सुटले, घ्या पदवी, ही रीत लर्नेड यांना पोकळ वाटे, आणि त्यात त्यांचे काही चुकले नाही. म्हणजे ही परीक्षा शिकवण्याशी जुळावी म्हणून जन्मलीच नव्हती; शिकवलेल्यातले अंगी किती मुरले, ते बाहेरून तपासायला ती आली होती.

पुढे १९४७ मध्ये स्थापन झालेल्या एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिसकडे ती गेली. प्राध्यापकांच्या समित्या विषयवार परीक्षांचे प्रश्न ठरवू लागल्या आणि कॉलेजात सर्वसाधारणपणे जे शिकवतात तेच परीक्षेचे माप झाले. भौतिकशास्त्राची परीक्षा पदवीच्या पहिल्या तीन वर्षांवर बेतलेली: यामिकी २० टक्के, विद्युतचुंबकत्व १८, पुंजयामिकी १२. यादी पाहिली तर अभ्यासक्रमाशी चोख जुळते. पण प्रयोगपद्धतींच्या वाट्याला जेमतेम ६ टक्के. शिवाय अनेक वर्षे १७० मिनिटांत सुमारे १०० प्रश्न असत, कॅलक्युलेटर नाही. पाच पर्यायांपैकी ज्यांच्या मिती जुळत नाहीत ते खोडायचे, कोन शून्य केल्यावर उत्तर कुठे जाते ते पाहायचे, की गणित न सोडवता उत्तर हाती येते. हेही भौतिकशास्त्रच, असे कुणी म्हणेल आणि ते खरे आहे. मात्र एका उदाहरणावर आठवडाभर झगडण्याची, उपकरण बिघडले तर कारण शोधण्याची जी सवय पदवीच्या वर्गात लागते, तिला एका प्रश्नाच्या वाट्याला येणाऱ्या पावणेदोन मिनिटांत जागा नाही.

या टीकेवरचा सर्वांत वजनदार आक्षेप वेगळा आहे. सांगली-नांदेडच्या कॉलेजचे नावही न ऐकलेल्या प्रवेश समितीसमोर तिथल्या मुलीला स्वतःची तयारी दाखवायला दुसरे साधन कोणते? हा मुद्दा मी हलका मानत नाही. शिफारसपत्रांच्या ओळखीपाळखीपेक्षा गुण अधिक न्यायाचे ठरू शकतात. पण गुणांवरून पुढचे कितपत कळते? अमेरिकेतल्या भौतिकशास्त्राच्या सुमारे चार हजार पीएचडी विद्यार्थ्यांचा अभ्यास २०१९ मध्ये सायन्स अ‍ॅडव्हान्सेसमध्ये आला. पीएचडी कोण पूर्ण करणार, हे या गुणांवरून फारसे ओळखता येत नाही, असा त्याचा निष्कर्ष. कमी गुणांच्या बहुतेकांना मुळात प्रवेशच मिळत नाही, त्यामुळे तुलना अपुरी राहते, ही त्यावरची टीका रास्त आहे. तरी तेवढ्याने परीक्षेची बाजू सिद्ध होत नाही.

परीक्षा आणि अभ्यासक्रम यांचे जुळणे परीक्षेच्या रचनेपेक्षा विषयाच्या स्थैर्यावर अवलंबून असते, असे मला वाटते. यामिकी आणि विद्युतचुंबकत्व पुण्यात आणि अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात जवळपास एकाच क्रमाने शिकवतात. जीवशास्त्राच्या पदवीत मात्र कुठे परिसंस्था, कुठे जनुके, कुठे संगणकी विश्लेषण. सरासरी कॉलेज धरावे तरी कोणते? जैवरसायनाची परीक्षा २०१६ नंतर थांबली, जीवशास्त्राची २०२१ मध्ये आणि रसायनशास्त्राची २०२३ मध्ये बंद झाली. भौतिकशास्त्राची टिकली, तीही आखूड होऊन: सुमारे ७० प्रश्न, दोन तास.