नव्या संसाराची चूल : वाकोला आणि मुंबईच्या उपनगरांतील काटकसरीचा इतिहास

मुंबई सरकारच्या कामगार कचेरीने १९२३ साली प्रसिद्ध केलेला, फिंडले शिरास यांचा कामगारवर्गाच्या कुटुंबखर्चाविषयीचा अहवाल आर्थिक इतिहासाच्या अभ्यासकांना सुपरिचित आहे. सुमारे अडीच हजार कुटुंबांचे जमाखर्च तपासून शिरास यांनी असा निष्कर्ष काढला की, मुंबईचा कामगार दुष्काळसंहितेने ठरविलेल्या कमाल मापाइतके धान्य खातो, परंतु कारागृहाच्या नियमपुस्तिकेत कैद्यासाठी नेमून दिलेल्या आहारापेक्षा ते कमी भरते. हा निष्कर्ष पुढे अनेक वादांत पुराव्यादाखल वापरला गेला व ते योग्यच झाले. तथापि या तुलनेतील एक विसंगती सहसा दृष्टोत्पत्तीस येत नाही. कैद्याला मिळते ते शिजलेले अन्न. कुटुंबाला मिळते ते कच्चे धान्य. त्या धान्याचे अन्न कोणी केले, किती सरपणात केले, किती जणांना पुरविले आणि ते करताना काय वगळले, याची नोंद अहवालाच्या कोष्टकांत नाही. ही गृहिणीची विद्या अभ्यासकांनी ‘काटकसर’ या एका शब्दात गुंडाळली आणि खेड्यातून शहरात आलेला एक वडिलोपार्जित सद्गुण म्हणून ती बाजूस ठेवली. प्रत्यक्षात, आज मराठी घरातील साधा, स्वस्त व रोजचा म्हणून जो स्वयंपाक ओळखला जातो, त्याचा बराचसा भाग १९४३ ते १९७५ या बत्तीस वर्षांत, शासनाच्या धान्यनीतीच्या व उपनगरातील एकखोली संसाराच्या दडपणाखाली घडला आहे.

हे पाहण्यास वाकोल्यासारखे ठिकाण सोयीचे आहे. सांताक्रूझच्या पूर्वेस वसलेले हे मूळचे साष्टी बेटावरील गावठाण. ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोकांची जुनी वस्ती, भोवताली भातखाचरे व मिठी नदीस मिळणारा नाला, असे त्याचे पूर्वरूप होते. १९५० साली अंधेरीपर्यंतची उपनगरे बृहन्मुंबईत समाविष्ट झाली, आणि जुन्या गावठाणाभोवती चाळी, झोपड्या व लहान इमारती दाटत गेल्या. कोकणातून व घाटावरून आलेली, नुकतेच लग्न झालेली जोडपी येथे खोली घेऊन राहिली. त्यामुळे एकाच परिसरात दोन स्वयंपाकघरे शेजारी आली. एक वर्षाचा साठा करणारे, दुसरे आठवड्याचे धान्य आणणारे.

पहिल्याचे स्वरूप थोडक्यात सांगण्याजोगे आहे. ईस्ट इंडियन घरांत मे महिन्यात मिरच्या व मसाले उन्हात वाळवून, भाजून, कुटून बाटल्यांत ठासून भरीत. या बाटल्यांवरूनच त्यास ‘बॉटल मसाला’ हे नाव पडले. सुके बोंबील, जवळा व सुकट पावसाळ्यापूर्वी घरात येई, कारण होड्या किनाऱ्यास लागल्या की ताजी मासळी दुर्मिळ होई. कोकणातील व देशावरील शेतकऱ्याच्या घरीही हीच रीत होती : कणगीत भात किंवा ज्वारी, मडक्यांत कडधान्य, पापड-सांडगे, कुळथाचे पीठ. या बेगमीस तीन गोष्टी लागतात : जागा, एकरकमी पैसा आणि हाताशी चार बायका. खोलीतल्या नव्या संसारापाशी यांपैकी एकही नव्हती. पगार महिन्याचा, किराणा वाण्याच्या वहीवर, आणि खरेदी पावशेर-छटाकाची. घाऊक घेणारा स्वस्त घेतो व किरकोळ घेणारा महाग घेतो, हा बाजाराचा नियम या घरांवर रोज लागू होता. म्हणून खेड्यातील काटकसर शहरात ‘आली’ हे म्हणणे टिकत नाही. तिचा पायाच गावी राहिला.

मार्च १९४२ मध्ये रंगून पडले आणि ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाला. मुंबईची भाताची भूक बऱ्याच अंशी या तांदळावर भागत असे. भाव भडकले, दुकानांपुढे रांगा लागल्या, आणि २ मे १९४३ रोजी मुंबईत शिधावाटप सुरू झाले. हिंदुस्थानातील मोठ्या शहरांत हा पहिलाच प्रयोग होय. आस्ताद गोरवाला यांच्यासारख्या कडक सनदी अधिकाऱ्याच्या हाती पुरवठ्याची सूत्रे असल्यामुळे, बंगालमध्ये त्याच वर्षी जे घडले ते येथे घडले नाही, हे श्रेय त्या व्यवस्थेला दिले पाहिजे. त्या वर्षीच्या धान्यधोरण समितीने दर प्रौढामागे रोज एक पौंड धान्याची शिफारस केली. १९४६ च्या टंचाईत हे प्रमाण बारा औंसांवर, म्हणजे सुमारे ३४० ग्रॅमवर आले.

परंतु स्वयंपाकघरावर प्रमाणाहूनही अधिक परिणाम झाला तो धान्याच्या प्रकाराचा. शिधापत्रिकेवर तांदूळ मर्यादित मिळे; उरलेला शिधा गहू, ज्वारी, बाजरी अशा जे उपलब्ध असेल त्या धान्याचा असे. दोन वेळा भात खाणाऱ्या कोकणी घराला हा शिधा परका होता. सणावारी पुरणपोळीसाठी येणारा गहू आता रोजच्या पोळीसाठी दळून आणावा लागला. पोळी-भाजी, वरण-भात हा क्रम आज इतका स्वाभाविक वाटतो की तो अनादि असावा असा समज होतो. अनेक कोकणी घरांत मात्र त्याचे वय शिधापत्रिकेएवढेच आहे. १९५४ पर्यंत नियंत्रणे उठली, पण सवय राहिली. आणि १९५६ च्या करारान्वये अमेरिकेचा गहू येऊ लागल्यावर ती पक्की झाली. १९६५ साली पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी सोमवारी रात्रीचे जेवण वगळण्याचे आवाहन केले, तेव्हा ते पाळणाऱ्या घरांत मुलांसाठी काहीतरी शिजतच असे; आईने उपवास धरला की एका माणसाचे धान्य वाचे, सरपण मात्र वाचत नसे.

सरपणाचा हा मुद्दा आहारेतिहासात उपेक्षित राहिला आहे. खोलीत चूल पेटविणे अवघड. शेगडीस कोळसा, स्टोव्हला घासलेट, आणि घासलेट हेही टंचाईचेच. एका स्टोव्हवर दोन पदार्थ एका वेळी होत नाहीत, हे साधे यांत्रिक सत्य मराठी साध्या जेवणाच्या घडणीत फार मोठे आहे. पिठले हे त्याचे उत्तम उदाहरण. बेसन फोडणीच्या उकळत्या पाण्यात वैरले की काही मिनिटांत कालवण तयार होते; तूरडाळ शिजण्यास त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. कोकणी घरांत कुळथाची पिठी हेच काम करी. कडधान्य रात्री भिजवून, फडक्यात बांधून मोड आणले की वाटीभर मटकीची दोन वाट्यांहून अधिक उसळ होते, ती लवकर शिजते आणि मोडांत क जीवनसत्त्वही निर्माण होते. भाजी महाग असलेल्या दिवसांत ही गोष्ट लहान नव्हे. शिळ्या भाताला फोडणी, शिळ्या पोळीचा कुस्करा, उरल्यासुरल्या पिठांचे थालीपीठ ही सारी सकाळची न्याहारी इंधनाच्या हिशेबातून जन्मास आली, की आधीपासून होती व या हिशेबाने तिला प्रतिष्ठा दिली, हा वाद दुय्यम आहे. १९५५ मध्ये मुंबईत ‘बर्शेन’ या नावाने घरगुती गॅस आला व १९५९ पासून देशी बनावटीचे प्रेशर कुकर मिळू लागले. पण वाकोल्याच्या चाळींतील नव्या संसारांना ही साधने सहजी परवडणारी नव्हती.

पोषणाच्या दृष्टीने या जेवणाचा निवाडा करावयाचा तर कुन्नूरच्या प्रयोगशाळेचे काम आठवावे लागते. डब्ल्यू. आर. आयक्रॉइड यांनी १९३७ साली तेथून हिंदी अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची पुस्तिका प्रसिद्ध केली. तिचीच परंपरा पुढे हैदराबादच्या संस्थेने व डॉ. सी. गोपालन यांनी चालविली. या कोष्टकांनी गृहिणीच्या कित्येक रीती योग्य ठरविल्या. तांदळात उणे असलेले लायसीन डाळ भरून काढते, म्हणून वरण-भात हा गरिबाचा नाइलाज नसून शास्त्रशुद्ध मेळ आहे. नाचणीत शंभर ग्रॅममागे सुमारे ३४४ मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तांदळात अवघे दहाच्या आसपास. लहान मुलास नाचणीचे सत्त्व देणारी आजी म्हणूनच चुकत नव्हती. काही रीती मात्र तोट्याच्या निघाल्या. भात वेळून पाणी टाकून दिले की ब जीवनसत्त्वाचा मोठा अंश त्याबरोबर जातो. कोकणी घरात पेज मीठ घालून पितात तेथे हे नुकसान टळते. शहरात मोकळ्या, पांढऱ्या भाताच्या हौसेने ते ओढवून घेतले गेले. दुधाबाबत शासनाची एक योजना खरोखर उपयोगी पडली : आरे दुग्धवसाहतीच्या केंद्रांवर मिळणारे टोन्ड दूध. म्हशीच्या दुधात पाणी व साय काढलेल्या दुधाची भुकटी मिसळून त्याचा स्निग्धांश व किंमत दोन्ही उतरविण्याची ही कल्पना दारा खुरोडी यांची. साय न धरणाऱ्या या दुधाविषयी गृहिणींनी नाके मुरडली. मुलांच्या पोटात दूध गेले ते त्याच्यामुळे.

ही विद्या शिकवीत कोण होते? १८७५ च्या ‘सूपशास्त्र’ या मराठीतील आद्य पाकग्रंथाचा अथवा १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधर यांनी लिहिलेल्या ‘गृहिणी-मित्र’ या ग्रंथाचा वाचक भरल्या घरातला आहे. एकत्र कुटुंबात सून सासूच्या हाताखाली शिके. माप डोळ्यांत असे. खोलीत एकट्याने संसार मांडणाऱ्या मुलीला डोळ्यांतले माप देणारे कोणी नव्हते. त्यातच १९५७ मध्ये नवे पैसे आले, १९५८ पासून किलोग्रॅम आले, आणि शेर-पावशेराचे पाठ निरुपयोगी ठरले. १९७० साली प्रसिद्ध झालेल्या कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’चे यश या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे. तिचे माप वाटी व चमचा हे आहे, आणि वाटी शेर जाणत नाही की किलो. ओगले यांना कौतुकाने ‘सव्वा लाख सुनांची सासू’ म्हटले जाई. त्या विनोदात समाजशास्त्र आहे : सासू जिथे नव्हती तिथे पुस्तक गेले.

१९७२-७३ च्या दुष्काळात हा सारा हिशेब कोलमडला. शिध्यावर मिळणारा अमेरिकन मिलो रंगाने लालसर व चवीला परका. साखर, गोडेतेल, घासलेट बाजारातून नाहीसे होऊन चढ्या भावात प्रकट होत. सप्टेंबर १९७२ मध्ये महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन झाली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी, प्रमिला दंडवते अशा निरनिराळ्या पक्षांच्या स्त्रिया तिच्यात एकत्र आल्या. लाटणी घेऊन मोर्चे निघाले, ठरलेल्या वेळी घराघरांतून थाळ्या वाजल्या. गोरे यांचे कार्यक्षेत्र गोरेगाव, म्हणजे याच उपनगरांच्या पट्ट्यातील. या आंदोलनाचे वर्णन बहुधा स्त्रीचळवळीच्या इतिहासात येते, आणि तिथे ते शोभतेच. पण आर्थिक इतिहासातही त्याची जागा आहे. काटकसर हा घराचा खासगी गुण मानला जाई. तोवर त्याला हाक मारणारा नेहमी शासनकर्ता असे : एक जेवण सोडा, तांदूळ कमी खा. आता हिशेब करणारीनेच हिशेब रस्त्यावर मांडला व तेलाचा साठा कोणाच्या गुदामात आहे हे विचारले. जून १९७५ मधील आणीबाणीने ही चळवळ थांबविली. गोरे भूमिगत झाल्या व पुढे तुरुंगात गेल्या. १९७७ मध्ये गोरे व रांगणेकर दोघीही लोकसभेवर निवडून आल्या. आणीबाणीपूर्वी काही आठवडे, १९७५ च्या गुढीपाडव्यास, मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली होती. शेजारची काही कुटुंबे एकत्र येऊन महिन्याची यादी करतात व घाऊक भावाने माल वाटून घेतात, ही तिची पद्धत. जागा व एकरकमी पैसा नसल्यामुळे गमावलेली बेगमी शेजाऱ्यांच्या संघाने अंशतः परत मिळविली, असे तिच्याविषयी म्हणता येते.

शिरास यांच्या अहवालातील मौनाकडे पुन्हा वळणे आवश्यक आहे. त्या काळच्या कुटुंबखर्चाच्या पाहण्यांत लस्क यांचे प्रमाण सर्रास वापरीत. त्यात प्रौढ पुरुष १.००, स्त्री ०.८३, सहा ते दहा वर्षांचे मूल ०.७० व सहा वर्षांखालील मूल ०.५० धरले जाई. पतिपत्नी, सात वर्षांची मुलगी व तीन वर्षांचा मुलगा असा नवा संसार म्हणजे ३.०३ पुरुष. हे प्रमाण सरासरी गरजेचे होते; गरोदर वा अंगावर पाजणाऱ्या स्त्रीची वाढीव गरज त्यात नव्हती, आणि नव्या संसारात तर हीच अवस्था वर्षानुवर्षे असे. शिवाय सर्वांना वाढून झाल्यावर पातेल्यात उरेल ते जेवण्याची तिची रीत धरली, तर तिच्या वाट्याला ०.८३ तरी येत होते की नाही, हे कोणतेही कोष्टक सांगत नाही. १९५० पासून सुरू झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीने कुटुंबाची व्याख्याच ‘एका स्वयंपाकघरात जेवणारी माणसे’ अशी केली. व्याख्या चुलीपर्यंत पोहोचली, ताटापर्यंत नाही.

१९९७ पासून शिधावाटप लक्ष्यित झाले, १९९९ मध्ये महाराष्ट्रात पिवळ्या, केशरी व पांढऱ्या पत्रिका आल्या, आणि वाकोल्यातील एकाच चाळीतील घरे रंगांनी विभागली गेली. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीस दरमहा पाच किलो धान्य ठरविले. १९४६ च्या बारा औंसांचे महिन्याचे दहा किलो होतात. त्या मानाने हे निम्मेच आहे व उरलेले बाजारातूनच घ्यावे लागते. मात्र या पाच किलोंत पुरुष, स्त्री व मूल यांस एकच माप आहे, आणि शिधापत्रिकेसाठी कुटुंबप्रमुख म्हणून घरातील अठरा वर्षांवरील सर्वांत वडील स्त्रीचे नाव लिहिले जाते.