लम्पी चर्मरोग नियंत्रण (सालेकसा तालुका, जि. गोंदिया)

गाय-बैलांच्या लम्पी या विषाणूजन्य त्वचारोगाची साथ रोखण्यासाठी शासनाने केलेली कायदेशीर, वैद्यकीय व आर्थिक उपाययोजना. रोगाचा विषाणू देवीच्या कुळातला आहे. जनावराला ताप येतो, अंगभर गाठी उठतात, पाय सुजतात, दूध आटते. डास, गोमाश्या व गोचिडांमार्फत हा रोग पसरतो. माणसाला मात्र होत नाही.

भारतात त्याची पहिली नोंद 2019 मध्ये ओडिशात झाली. 2020 मध्ये गडचिरोलीच्या सिरोंचा तालुक्यातून तो पूर्व विदर्भात शिरला. त्या वेळी सारी यंत्रणा कोरोनात गुंतलेली होती. ऑगस्ट 2022 मध्ये जळगाव जिल्ह्यातील चिनावल (ता. रावेर) येथून दुसरी, कितीतरी मोठी लाट उठली. सप्टेंबरमध्ये शासनाने प्राण्यांमधील संक्रामक व सांसर्गिक रोग प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम, 2009 खाली संपूर्ण राज्य ‘नियंत्रित क्षेत्र’ ठरवले. गुरांचे बाजार, शर्यती, जत्रा, प्रदर्शने व वाहतूक यांवर बंधने आली. जनावर आजारी दिसताच कळवणे याच कायद्याने पशुपालकाचे कर्तव्य आहे, ग्रामपंचायतीचेही.

सालेकशात हा आदेश पाळणे सोपे नव्हते. तालुक्याला एका अंगाने छत्तीसगड व दुसऱ्या अंगाने मध्य प्रदेश लागून आहे आणि दरेकसा-कचारगडकडचा मुलूख डोंगरी, जंगलाचा. रस्त्यावर नाका बसवून ट्रक अडवता येतो, चरायला गेलेली गुरे अडवता येत नाहीत. गावची गुरे सकाळी आखरावर जमतात व गायकी (गुराखी) ती एकत्रच रानात नेतो. आजारी जनावर वेगळे बांधावे, ही सूचना कागदावर साधी वाटते. पण कोठा एकच आणि दावणही एकच असेल, तर ते बांधायचे कुठे? गुरे रोज गायक्याच्या नजरेखाली असल्याने अशा गावात रोगाची पहिली चाहूल त्यालाच लागते. मागे रेंगाळणारे, नाका-डोळ्यांतून पाणी गळणारे जनावर तो दवाखान्यातल्या डॉक्टरच्या आधी पाहतो. शासनाच्या परिपत्रकांत त्याला आहे त्यापेक्षा मोठी जागा मिळायला हवी.

लसीकरण हाच उपाययोजनेचा कणा. लम्पीची स्वतंत्र लस बाजारात नसल्याने शेळ्यांच्या देवीची लस वापरली गेली. दोन्ही विषाणू एकाच गटातले, त्यामुळे ती उपयोगी पडते. प्रथम बाधित गावाभोवतीच्या 5 किलोमीटर परिघातील आणि पुढे राज्यभरातील गोवंशाला ती मोफत टोचण्यात आली. कातडीखाली 1 मिली मात्रा, दर जनावराला नवी सुई आणि दवाखान्यापासून कोठ्यापर्यंत बर्फाच्या पेटीत जपलेली लस, असे हे काम. सुई बदलण्याचा कंटाळा केला, तर टोचणाराच रोग वाहून नेऊ शकतो. सोबत कोठ्यांची फवारणी, गोचीड निर्मूलन आणि मृत जनावर चुना घालून खोल पुरणे, हेही ठरवून दिले होते.

मृत्यूनंतर पंचनामा होऊन गायीमागे 30,000, बैलामागे 25,000 व वासरामागे 16,000 रुपये साहाय्य ठरले. ही मदत मोलाची खरी, तरी धानपट्ट्यात ती अपुरी पडते. रोवणीच्या तोंडावर जोडीतला एक बैल गेला की बांधीत चिखल करायला दुसरा लगेच उभा राहत नाही, आणि साथीच्या काळात गुरांचा बाजार तर बंद. पंचनाम्याला लागलेला एकेक दिवस तिथे हंगामातून वजा होतो.

10 ऑगस्ट 2022 रोजी हिसार व इज्जतनगर येथील संशोधन संस्थांनी बनवलेली ‘लम्पी-प्रोव्हॅक-इंड’ ही स्वतंत्र लस जाहीर झाली. तिच्या उत्पादनासाठी पुण्याच्या औंध येथील पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेशी डिसेंबर 2022 मध्ये नागपुरात करार करण्यात आला. पशुपालकांना तक्रार व मदतीसाठी 1962 हा दूरध्वनी क्रमांक आहे.