रुपयाच्या नाण्यावरची मारामारी

१९९० नंतरची दहा-बारा वर्षं साताऱ्यासारख्या गावांत व्हिडिओ गेम पार्लरचा धंदा जोरात होता. माझ्या काकांचं पार्लर एस.टी. स्टँडजवळ होतं. शाळा सुटली की गल्ल्यावर मी बसायचो. मशीन म्हणजे सुताराकडून करून घेतलेली प्लायवूडची पेटी, आत जुन्या कलर टीव्हीची ट्यूब आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेला बोर्ड. बहुतेक बोर्ड जपानी गेमची कॉपी केलेले असत. धंद्याला परवाना लागे, करमणूक कर भरावा लागे. पोरांना त्याचं काय? ती मुस्तफा खेळायला यायची.

त्या गेमचं खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स. मार्क शुल्ट्झ या अमेरिकन चित्रकाराच्या कॉमिक्सवरून जपानच्या कॅपकॉम कंपनीने तो १९९३ साली काढला. खेळायला चार पात्रं, पण पिवळ्या टोपीतला मुस्तफा सगळ्यांत चपळ, म्हणून आपल्याकडे अख्खा गेमच त्याच्या नावाने ओळखला जाऊ लागला. तिघांना एकत्र खेळता येई. एकाची लाईफ संपत आली की पिंप फोडून निघालेलं खाणं दुसरा त्याच्यासाठी सोडायचा. मागे उभी असलेली पोरं ‘दोन्ही बटणं दाब, दोन्ही!’ म्हणून ओरडायची. तशी दाबली की भोवतीचे गुंड एकदम उडत, पण आपलीही थोडी लाईफ जाई. हा हिशेब ज्याला जमला त्याचा रुपया खूप वेळ पुरे, नवख्याचा बघता बघता संपे.

हाणामारीची गोडी होतीच, ती नाकारण्यात अर्थ नाही. घरी बोलणी आणि वर्गात छड्या खाणाऱ्या पोराला, बटण दाबताच समोरचा आडवा होतो याचं सुख दुसरीकडे कुठे मिळणार? मात्र ते सुख त्याला चारचौघांत, पाठीवर थाप पडत असताना हवं असे. पार्लर रिकामं असलं की बहुतेक पोरं दारातूनच परत जायची.

वर्तमानपत्रांत पार्लरची बातमी यायची ती शाळा बुडवणाऱ्या मुलांची, नाहीतर पोलिसांच्या छाप्याची. छाप्यांना कारणही होतं, काही जागी व्हिडिओ गेमच्या आडून जुगाराची मशीन चालत. पण धंद्याची खरी किल्ली पेटीच्या मागे होती आणि तिच्याबद्दल मी कधी काही छापून आलेलं वाचलं नाही. १९९१ च्या स्ट्रीट फायटर टू या मारामारीच्या गेमच्या बोर्डावर बारीक स्विचांच्या पट्ट्या होत्या. मे महिन्याच्या सुट्टीत गर्दी वाढली की काका मागची फळी काढून त्यातले एक-दोन स्विच सरकवत आणि तोच गेम अवघड होई. हरल्यावर पडद्यावर आपल्या गड्याचा सुजलेला, रक्ताळलेला चेहरा येई आणि शेजारी आकडे उतरू लागत. शून्य व्हायच्या आत नाणं टाकलं तरच लढत पुढे चालू. तेवढ्या सेकंदांत पोरं खिसे उलटे करत, मित्रापुढे हात पसरत, एसटीच्या तिकिटाचे पैसे टाकून मोकळी होत. पोरंही काही कमी नव्हती. गॅसच्या लायटरची ठिणगी नाण्याच्या फटीपाशी उडवली की मशीन फुकट क्रेडिट देई. मग काकांनी फटीमागे पत्रा ठोकून घेतला.

अमेरिकेतही चर्चा पेटीमागच्या स्विचांची नव्हती, सगळ्यांची नजर पडद्यावरच्या रक्तावरच खिळली होती. १९७६ साली एक्झिडी कंपनीच्या डेथ रेसमध्ये माणसासारख्या आकृती गाडीखाली चिरडायच्या होत्या. बातम्यांनी गदारोळ केला आणि मशीनची मागणी वाढली. १९९३ साली मॉर्टल कॉम्बॅट हा मारामारीचा गेम घरातल्या टीव्हीवर आला तेव्हा निन्टेन्डोने त्यातलं रक्त काढून टाकलं, सेगाने ते गुप्त कोडमागे ठेवलं. सेगाचाच गेम जास्त खपला. त्याच डिसेंबरात सिनेटर लीबरमन आणि कोल यांनी गेममधल्या हिंसेवर सुनावणी घेतली आणि १९९४ पासून गेमच्या खोक्यांवर वयाचे शिक्के येऊ लागले. अल्पवयीनांना हिंसक गेम विकायला बंदी करणारा कॅलिफोर्नियाचा कायदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली रद्द केला. गेममुळे मुलं हिंसक होतात हे पुराव्याने सिद्ध झालेलं नाही, असं त्या निकालात म्हटलं आहे.

आपल्याकडे २००० नंतर सायबर कॅफेत काउंटर-स्ट्राइक आणि व्हाइस सिटी आले आणि पार्लरं ओस पडली. काकांनी पेट्या भंगारात घातल्या. मग मोबाइलवर पबजी हा बंदुकीच्या लढाईचा गेम आला. २०१९ साली राजकोटमध्ये तो खेळणाऱ्या कॉलेजच्या मुलांना पोलिसांनी अटक केली. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्राने पबजीसह ११८ ॲप बंद केली, तीही देशाच्या सुरक्षेचं कारण देऊन, आणि २०२१ च्या जुलैत तोच खेळ बीजीएमआय या नावाने परत आला. गेममधल्या मुलांच्या हातातल्या बंदुकीवर एवढी चर्चा झाली. पण त्या बंदुकीच्या नुसत्या रंगासाठी पोरं खरे पैसे देऊन यूसी हे गेममधलं चलन घेतात, क्रेट म्हणजे बंद खोकी उघडतात, आणि आतून काय निघेल हे पैसे गेल्यावरच कळतं. माझ्या मते काळजी करायची असेल तर ती इथे करावी. काकांच्या मशीनची फळी निदान काढून बघता येत होती.

ज्यांच्या घरी पार्लर होतं त्यांना माझी विनंती आहे. जुना परवाना, एखादा बोर्ड माळ्यावर पडला असेल तर तो टाकू नका, आणि मागचे स्विच तुम्ही कधी आणि कशासाठी सरकवत होता, ते लिहून ठेवा.